हिरवी नंबरप्लेट की डॉक्टरांची गाडी

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, आमच्या एचआरचा मेल आला की कंपनीच्या कार लीज पॉलिसीत आता इलेक्ट्रिक, म्हणजे हिरव्या नंबरप्लेटच्या, गाड्या पण घेतल्यात, ज्यांना पाहिजे त्यांनी पोर्टलवर अर्ज टाका. मेलच्या खाली एक हिरवं पान. नेमकं त्याच सुमाराला आमच्या जुन्या गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलेलं, आणि आमचा मेकॅनिक, जो आयुष्यात कधी कुठल्या गाडीला नाही म्हणाला नाही, तो म्हणाला की साहेब हिला आता सोडा. झालं. घरात दोन पक्ष पडले. मी कंपनीच्या इलेक्ट्रिकच्या बाजूने, बायको सेकंडहँड पेट्रोलच्या बाजूने, आणि बाबा एसटीच्या बाजूने. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत त्यामुळे त्यांना एसटी फुकट, महिलांना अर्धं तिकीट, म्हणजे गावाला जाताना पूर्ण पैसे भरणारा घरात मी एकटाच. "याच्यापेक्षा स्वस्त गाडी कुठली आहे सांग," असं ते म्हणाले आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर आजपर्यंत माझ्या एक्सेलला देता आलेलं नाही.

एक्सेल अर्थातच केली होती. आयटीतला माणूस गाडी घेतो म्हणजे आधी एक्सेल घेतो. कागदावर इलेक्ट्रिकची बाजू एकदम दणकट. जीएसटी फक्त ५ टक्के, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ (पेट्रोलला तोच ११ टक्क्यांपासून सुरू होतो), आणि लीजचा हप्ता पगारातून टॅक्स कापायच्या आधीच जातो. एका युनिटला सहासात किलोमीटर धरले तर किलोमीटरला दोन रुपये सुद्धा जेमतेम, आणि पेट्रोल तेव्हा १०४ च्या आसपास, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला चौदा मिळाले तरी सातच्या वर. मी हे बायकोला दाखवलं तर ती म्हणाली तू हिंजवडीला आठवड्यातून किती दिवस जातोस? मी म्हटलं काम हायब्रिड आहे, थोडं घरून थोडं ऑफिसातून, म्हणजे दोन किंवा तीन. ती म्हणाली मग गाडी उभी राहून किती वाचवणारे?

हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि बाबांना लीज समजावून सांगायला घेतली.

"गाडी कोणाच्या नावावर?"
"लीज कंपनीच्या."
"हप्ता कोण भरणार?"
"माझ्याच पगारातून जाणार बाबा."
"ठोकली तर?"
"इन्शुरन्स आहे त्यात."
"नोकरी सोडलीस तर?"
"मग उरलेले पैसे भरायचे आणि गाडी आपली."
"आणि नाही सोडली तर?"
"चार वर्षांनी थोडे पैसे भरायचे आणि गाडी आपली."
बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे सगळं तुझंच आहे. नाव तेवढं त्यांचं. दसऱ्याला हार कोणी घालायचा?"

पोर्टलची तर वेगळीच मजा. कंपनीने दिलेली गाडी घरच्या कामाला पण वापरली की इन्कम टॅक्सच्या हिशोबात तिची किंमत तुमच्या उत्पन्नात धरतात, २०२५ मध्ये इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १८०० रुपये, त्याच्या वर असेल तर २४००, आणि ड्रायव्हर असेल तर अजून ९००. खर्च कंपनी करत असेल तर, हां. नियम सोपा होता, फक्त तो लिहिणाऱ्यांनी गाडीला इंजिन असतं हे गृहीत धरलेलं. पोर्टलवर ड्रॉपडाऊनमध्ये दोनच पर्याय, १.६ पर्यंत किंवा १.६ च्या वर. माझ्या गाडीला इंजिनच नाही. मी पेरोलला मेल टाकला की शून्य हा आकडा १.६ पर्यंतमध्ये येतो का? उत्तर आलं, कृपया योग्य पर्याय निवडावा. मी परत लिहिलं की इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसतात. उत्तर आलं, कृपया डीलरकडून सीसी लिहिलेलं कोटेशन घ्यावं. डीलरकडचा मुलगा बिचारा चांगला होता, म्हणाला सर किलोवॉट लिहून देऊ का?

मग सोसायटी. सोसायटीत चार्जिंग पॉइंट मागणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी मागितलाय त्यांनाच कळेल. मीटर रूम बी विंगला आणि माझं पार्किंग ए विंगच्या टोकाला, म्हणजे केबल पूर्ण पार्किंग ओलांडून न्यायची. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आग लागली तर, दुसरा बिल कोण भरणार, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले, "यांना दिलं तर उद्या सगळे मागतील!" हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं होतं. मी सांगितलं की मी माझ्याच मीटरवरून घेणार, सोसायटीचा एक पैसा नाही. तर एकीण म्हणाली मग तुमचा स्लॅब बदलेल. ही बाई बरोबर बोलत होती हेच जास्त लागलं. महावितरणचा पहिल्या शंभर युनिटचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, तीनशेच्या वर गेलात की एकदम उडी. महिन्याला आठशे किलोमीटर म्हणजे सव्वाशेच्या आसपास युनिट, आणि आमचं उन्हाळ्यातलं बिल आधीच एसीमुळे तीनशेच्या उंबरठ्यावर. माझे ते दोन रुपये जेमतेम वाले एक्सेलमध्ये लाल झाले. शेवटी सेक्रेटरींनी नेहमीचा निकाल दिला, लेखी अर्ज द्या.

गाव चिपळूणच्या पलीकडे. ब्रोशरमध्ये साडेचारशेच्या पुढची रेंज आणि प्रत्यक्ष चालवणारे मित्र सांगतात एसी लावून, चार माणसं आणि सामान भरून तीनशे धर. तीनशे तर तीनशे, पोचतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, त्यामुळे ताम्हिणी उतरताना ब्रेकिंगमधून बॅटरीत थोडी वीज परत सुद्धा येते, हे मी इतक्या उत्साहाने सांगितलं की मला वाटलं बाबा आता पाघळतील. ते म्हणाले, "म्हणजे जाताना कमावणार. आणि येताना?" येताना चढ. आणि गणपतीत गावाला वीज असेल तर. मी गप्प बसलो.

तर आता सेकंडहँड.

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात फिरल्यावर मला एक कळलं की महाराष्ट्रात डॉक्टर सोडून कोणी गाडी विकतच नाही. प्रत्येक गाडी डॉक्टरची. फर्स्ट ओनर, सिंगल हँड, फक्त घर ते दवाखाना. एवढे डॉक्टर आहेत तर मग अपॉइंटमेंट का मिळत नाही कोणाला. जी डॉक्टरची नाही ती मॅडमची, आणि जी दोघांचीही नाही ती एनआरआयची, वर्षातून एकदा येतात, गाडी झाकूनच असते. आम्ही मेकॅनिकला बरोबर घेऊन एक पांढरी हॅचबॅक बघायला गेलो, एजंटच्या भाषेत पीस. पीस मस्त चकाचक, डॅशबोर्डला इतकं पॉलिश की हात ठेवला तर घसरतोय. एजंटने रीतसर सांगितलं, डॉक्टरांची आहे. आमचा मेकॅनिक काही बोलला नाही, त्याने ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं मॅट उचललं आणि बोट दाखवलं. पत्र्यात बुजवलेली भोकं. डाव्या बाजूला, जिथे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरचे पेडल असतात तिथे. मग मागच्या काचेवर त्याने तोंडाची वाफ सोडून फडकं फिरवलं तर स्टिकर काढलेल्या जागी मोठा एल. एजंट जरा सुद्धा हलला नाही. म्हणाला, "डॉक्टर कंपाउंडरला शिकवत असतील ना."

ज्या गाडीवर अर्ध्या पुण्याने क्लच सोडायला शिकलं ती गाडी मी घेणार नव्हतो, पण त्या माणसाचा चेहरा मात्र मला अप्रेझलसाठी भाड्याने हवा होता.

अजून एक बघितली, डीझेल, दिल्ली पासिंग, किंमत ऐकून तर मी फोन दोनदा कानाला लावला. तिकडे तेव्हा डीझेल दहा वर्षं झाली की रस्त्यावर चालत नव्हती म्हणून ह्या गाड्या इकडे यायच्या, मग तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, इकडचा टॅक्स भरा, नवीन नंबर घ्या, तोपर्यंत स्वस्ताई संपते. बाबांना मात्र वेगळीच काळजी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा आमच्या ओळखीच्यांच्याच कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या, आणि त्या पुढे कुठे गेल्या ते कोणालाच माहीत नाही. बाबांना खात्री आहे की त्या सगळ्या धुऊनपुसून पुण्यात विकायला उभ्या आहेत. त्यामुळे आम्ही जाऊ तिथे बाबा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचे, टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघायला, आणि मग वाकून सीटचा वास घ्यायचे. हा उपाय खरंच बरोबर आहे, मेकॅनिक पण हेच करतो, पण एका शोरूममध्ये सेल्सची मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

इकडे माझी एक्सेल आठ शीटवर गेलेली. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, ते धरलं. रिसेल, इन्शुरन्स, टायर, सगळं धरलं. आणि शेवटी काय निघालं तर हे सगळे आकडे इकडेतिकडे केले तरी निकालाला फार फरक पडत नाही, फरक पडतो तो एकाच चौकोनाने, ‘या कंपनीत अजून किती वर्षं’. तिथे चार टाका, इलेक्ट्रिक लीज दणदणीत जिंकते. तिथे दीड टाका, सेकंडहँड. मधेच सोडलं की उरलेले हप्ते एकरकमी माझ्या डोक्यावर आणि टॅक्सची गंमत खलास. म्हणजे सेकंडहँडमध्ये कोणा दुसऱ्याचा भूतकाळ हुंगत फिरायचं आणि लीजमध्ये स्वतःचं भविष्य एचआरला लिहून द्यायचं. मी चार टाकले. मागे बायको कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"चार? परवा तर दिवाळीनंतर राजीनामा फेकतो म्हणत होतास."
"ते वैतागून म्हटलं होतं."
"दर दिवाळीला वैतागतोस."

तरी मी अर्ज टाकला. पोर्टलवर पुढची पायरी मॅनेजरची मंजुरी. आता आमचा मॅनेजर म्हणजे एका दिवसाची रजा मंजूर करायला आठवडा घेणारा माणूस, तीन रिमाइंडर, एक फोन, मग कळतं की त्याने बघितलंच नाही. कार लीजची मंजुरी चहा गार व्हायच्या आत आली. वर स्मायली. आणि दुपारी तो स्वतः डेस्कपाशी आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "व्वा, चांगलं केलंस! आता चार वर्षं काही बघायला नको." कोणाला बघायला नको ते बोलला नाही. त्याच आठवड्यात मला एक प्रोजेक्ट मिळालं जे आधीच्या दोघांनी सोडून पळ काढलेला. योगायोग असेल. मला पोर्टलवर फक्त ‘मान्य आहे’ दाबायचं बाकी होतं, आणि माझं बोट काही तिकडे जाईना.

त्या रविवारी कर्वेनगरला एका रिटायर्ड बँकवाल्या काकांची २०१६ ची वॅगन आर बघायला गेलो. एजंट नाही, ओळखीतून. इथे उलटंच, गाडी आम्ही बघण्याआधी काकांनी आम्हाला बघितलं. कुठे राहता, पार्किंग झाकलेलं आहे का, रोज स्टार्ट करणार का, गाडीत खाता का. शेवटच्या प्रश्नाला बायकोने माझ्याकडे न बघता "नाही" सांगितलं. मग काकांनी फाईल काढली. सर्व्हिसचं प्रत्येक बिल, तारखेनुसार, पंच करून. पेट्रोलची वही, त्यात प्रत्येक वेळचे लिटर आणि किलोमीटर. पीयूसी चालू, इन्शुरन्स चालू, दोन्ही चाव्या, आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून तयार. बाबांनी सवयीने सीटबेल्ट ओढला, आणि वास घ्यायला वाकले तेव्हा काका म्हणाले, "कापूर आहे. मीच ठेवतो." दोघांचं तिथेच जमलं. भावाचं विचारलं तर काका म्हणाले एकच भाव आहे, पटला तर घ्या नाहीतर चहा घ्या. आम्ही दोन्ही घेतलं.

गाडी नावावर झाली आणि ऑगस्टमध्ये सरकारने अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला. मी अटल सेतूवर अजून गेलेलो नाही तरी वाईट वाटलं. सप्टेंबरात नवीन छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, ते सांगायला मेव्हण्याचा खास फोन, एरवी वाढदिवसाला पण करत नाही. एक्सेल मी उघडलेली नाही. मॅनेजर परत रजा मंजूर करायला आठवडा घेतो, म्हणजे त्याला पण कळलंय.

आणि काका दर रविवारी सकाळी फोन करतात. हवा बघितली का, कूलंट बघितला का, ह्यावेळी पेट्रोल कुठे भरलं, ॲव्हरेज किती आलं. मी अंदाजे सोळा म्हटलं तर म्हणाले अंदाजे म्हणजे? वहीत बघून सांगा. मागच्या रविवारी मी फोन उचलला नाही तर त्यांनी बाबांना लावला, आणि बाबांनी त्यांना आम्ही गाडीत वडापाव खाल्ल्याचं सांगून टाकलं.