बाकावर आपटलेले गीतपुस्तक

रविवार उलटून तीन दिवस झाले तरी माझा संताप शमलेला नाही. आमच्या चर्चच्या उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग सुरू होता आणि दुसरे कडवे दहावीतल्या एका मुलीने एकटीने गायचे, असे तालमीत सर्वांसमक्ष ठरले होते. नेमक्या त्याच क्षणी आमच्या क्वायरमधील, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातील, एका ज्येष्ठ भगिनींनी गीतपुस्तक मिटून बाकावर आपटले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत त्या हात बांधून, ओठ न हलवता उभ्या राहिल्या. तो आवाज मागच्या बाकांपर्यंत गेला. मुलीने एकदा तिकडे पाहिले, तिचा सूर कापला, आणि पेटीवर बसलेल्या दादांनी स्वर धरून ठेवला म्हणून ती कशीबशी समेवर आली. पुढची कडवी सर्वांनी मिळून गायची होती, पण सोप्रानोत, म्हणजे स्त्रियांच्या उंच स्वरात, आमच्याकडे आहेतच मुळी तीन आवाज आणि त्यांतला सर्वांत भरवशाचा आवाज रुसून बसला होता.

कारण काय, तर ते कडवे इतकी वर्षे त्याच म्हणत आल्या आहेत! १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजन आपल्या उपासनेत रुजवले, ते साऱ्या मंडळीच्या तोंडी प्रभूचे नाव यावे म्हणून. त्यातले एखादे कडवे कोणाच्या मालकीचे कसे होऊ शकते? ती मुलगी विडी घरकुल वसाहतीतून दोन रिक्षा बदलून, सोलापूरच्या या उन्हात, दर शनिवारी सहाच्या आत तालमीला हजर असते. तिच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून तिने मराठी शब्दांचे उच्चार महिनाभर घोटून घेतले होते.

उपासनेनंतर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, मी बोललो आणि माझा आवाज चढला. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन शांत केले, ते योग्यच होते. मात्र जे बोललो त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. सहाची तालीम पावणेसातला सुरू होते, हे आम्ही किती वर्षे सोसायचे? टेनरमधले, म्हणजे पुरुषांच्या उंच स्वरात गाणारे, एक गृहस्थ पहिले गीत संपल्यावर मधल्या वाटेने चालत येतात आणि पान कोणते, असे मोठ्याने विचारतात. प्रवचन चालू असताना पुढच्याच रांगेत मोबाइल उजळतात, आणि समोर बसलेली मंडळी ते पाहत असते. वर्षभर न फिरकणारे डिसेंबर लागताच झगा मागायला येतात आणि नाताळच्या उपासनेत पहिल्या रांगेसाठी भांडतात.

बायबलमधील ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद राजाच्या काळातील २८८ कुशल गायकांची नोंद आहे. त्यांच्या सेवेच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि त्यांत लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. हा अध्याय आमच्या क्वायरमध्ये सर्वांनी वाचलेला आहे, त्या भगिनींनी तर तो तालमीच्या सुरुवातीला स्वतः वाचून दाखवला आहे, म्हणूनच मला अधिक यातना होतात.

त्यांचा आवाज आजही आमच्यात सर्वांत स्वच्छ आहे आणि त्या परत गायला लागाव्यात, असे मला मनापासून वाटते. पण काल त्या मुलीच्या आईचा फोन आला. परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे या शनिवारी पोरीला पाठवू की नको, असे त्या विचारत होत्या. परीक्षेला अजून चार महिने आहेत.