तुरळक ठिकाणी

भात कापायला आलं की मी हवामानतज्ज्ञ होतो. एरवी नारळ डोक्यात पडू नये, एवढ्यापुरताच वर बघतो.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. देवगड तालुक्यातलं आमचं गाव, तीन कुणग्यांतलं, म्हणजे छोट्या खाचरांतलं, लवकर पिकणारं हळवं भात पिवळंधमक होऊन आडवं पडायच्या बेतात. कागदोपत्री मोसमी पाऊस १७ सप्टेंबरला राजस्थानातून परतीला लागतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशाबाहेर पडतो. आमच्याकडून मात्र तो गणपती आटोपून मुंबईला निघालेल्या चाकरमान्यासारखा निघतो. पिशव्या भरल्या, पाया पडून झालं, एसटी दिसायला लागली, तरी खळ्यात उभा राहून गप्पा चालूच.

फोनवर आठवड्याचा अंदाज उघडला. सिंधुदुर्गासमोर सोमवार, मंगळवार हिरवे; पुढचे तीन दिवस पिवळे; शनिवार नारिंगी. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. पिवळ्याखाली लिहिलेलं, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस’. या ‘तुरळक’चा माझा अभ्यास आहे. पाऊस मोजणाऱ्या चार केंद्रांतल्या फार तर एका केंद्रावर पाऊस, म्हणजे तुरळक. त्यापुढे ‘काही ठिकाणी’, मग ‘बऱ्याच ठिकाणी’, मग ‘बहुतांश ठिकाणी’. एवढ्या जिल्ह्यात तो एक आपलाच कुणगा कशाला शोधत येईल, म्हणून मी कापणीला कामेरी, म्हणजे मजूर, बोलावली.

काकी पडवीत पाय चोळत होती. म्हणाली, “गुडघो दुखता. पाऊस येतलो.”

काकीचा गुडघा बारा महिने दुखतो, त्यामुळे त्याचा अंदाज कधी ना कधी बरोबर येतोच. मी कापणी केली.

सोमवार, मंगळवार ऊन असं की भात चरचर वाळलं. बुधवारी भारे खळ्यात आणले. दुपारी तीनला पूर्वेला घाटाच्या बाजूने ढग चढले. आषाढातला पाऊस दर्यावरून येतो, निदान दिसतो तरी. हा परतीचा मागच्या दाराने येतो. पहिला गडगडाट झाला तेव्हा ताडपत्री माळ्यावर होती आणि शिडी शेजाऱ्याकडे.

ताडपत्रीबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्या चार कड्यांपैकी दोन तुटल्यात, तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्यात. मधोमध उंदराने तळहाताएवढी खिडकी केलीय. ती मी काथ्याने शिवली होती आणि शिवणीचा मला अभिमान होता. पावसाचं पाणी बरोबर त्या शिवणीवर साचलं, पोट सुटल्यासारखं. तुंबलेलं पाणी बाहेर ढकलावं म्हणून मी खालून काठी लावली. काठी आरपार गेली. घागरभर पाणी भाऱ्यांवर आणि उरलेलं माझ्या कॉलरीत. मध्यम पाऊस म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर, तो शेवटचा ०.४ कुठे पडतो ते मला त्या दिवशी कळलं.

वाडीपलीकडच्या मेव्हण्याला फोन केला. “पाऊस? खंय? हयसर धूळ उडता,” तो म्हणाला. अंदाज चुकला असं म्हणायचीही सोय नाही. चारातला एक मी होतो.

गुरुवार, शुक्रवार भारे उलटेपालटे करण्यात गेले. ओली लोंबी दोन दिवस दडपून राहिली की कोंब फुटतात. काकी मधूनच चित्रा नक्षत्राच्या पावसाची म्हण पुटपुटायची, “पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा.” भात उदंड पिकतं म्हणून खात नाही की नासतं म्हणून, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी दुसऱ्यात.

शनिवारी नारिंगी. या वेळी मी गाफील राहिलो नाही. पहाटे उठून सगळे भारे घरात घेतले. पडवी भरली, माजघर भरलं, टीव्हीसमोर भाऱ्यांची उडवी उभी राहिली. देवाला दिवा लावायला काकी आडवी होऊन आत शिरली. अंगाला कुसं टोचून खाजेने जीव गेला.

दिवसभर कडकडीत ऊन. आकाश धुऊन ठेवलेल्या ताटासारखं.

रविवारी चौकोन हिरवा. गुडघ्याचं विचारलं तर काकी म्हणाली, “आज बरो आसा.” आणि उन्हाला म्हणून आपली गोधडी दोरीवर टाकायला निघाली.

मी माळ्यावर ताडपत्री शोधायला गेलो.