कौटुंबिक चित्रपटाला जाणाऱ्यांसाठी सूचना

सध्या पुण्यात एक कौटुंबिक चित्रपट जोरात चालू आहे. कुठला ते सांगत नाही, कारण तुम्ही तो पाहिलेला आहे. आई आहे, आईला तीन मुलं आहेत, वाडा पाडून फ्लॅट झालेले आहेत आणि त्या फ्लॅटांमध्ये आईला खोली नाही. शनिवार-रविवारचे खेळ फुल्ल. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी पाहिला पण मनासारखं रडता आलं नाही त्यांच्यासाठीही, काही सूचना देते आहे. पुण्यात राहून सूचना दिल्या नाहीत तर लोक नावं ठेवतात.

रुमाल कापडी न्या. टिश्यू पेपर गालाला चिकटतो आणि सेल्फीत दिसतो.

एकट्यानं जाऊ नका. एकट्यानं रडलेलं कोणी बघत नाही, म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा बायका नटूनथटून घोळक्यानं थिएटरात गेल्या होत्या. त्या निदान हसायला आणि नाचायला गेल्या होत्या. आता रडायलाही एका रंगाच्या साड्या नेसून जायचं असतं, त्यामुळे ग्रुपवर आधी रंग ठरवून घ्या.

कधी रडायचं याची चिंता करू नका, ती सोय दिग्दर्शकानं केलेली असते. बासरी लागली की गळा दाटू द्यायचा. व्हायोलिनं लागली की डोळे. देवघरातलं निरांजन फडफडलं की पाच मिनिटांत आई घर सोडणार असं समजा, आणि बाबांचा चष्मा फुटला की मध्यंतर जवळ आलं, समोशाच्या रांगेसाठी चपला शोधायला लागा.

कोणी म्हणेल, गोष्ट जुनीच आहे. असू द्या की! १९५४ साली राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’मध्ये निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मुलांच्या घरी वाटले गेले. १९९८ साली ‘तू तिथे मी’मध्ये मोहन जोशी एका मुलाकडे आणि सुहास जोशी दुसऱ्याकडे. २००३ साली ‘बागबान’मध्ये चार मुलांनी अमिताभ बच्चन आणि हेमामालिनी यांची सहा-सहा महिन्यांची पाळी लावली. म्हणजे सत्तर वर्षं आपण आईवडिलांची वाटणी बघून हमसाहमशी रडतो आहोत आणि सत्तर वर्षांत वाटणी करायची पद्धतसुद्धा बदललेली नाही. ‘ऊन पाऊस’ला आईच्या मांडीवर बसून भोकाड पसरलेला मुलगा आज पंचाहत्तरीच्या पुढे असेल. त्याला आता ती गोष्ट दुसऱ्या बाजूनं कळत असेल.

बाजूवरून आठवलं. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा अलका कुबल सून होत्या आणि सासू त्यांना छळत होती. आमच्या आयांच्या पिढीनं पदर ओले केले. पुढे त्याच बायका सासवा झाल्या आणि सासूला छळणाऱ्या सुनांचे चित्रपट बघून त्याच रडल्या. दोन्ही वेळा मनापासून. खलनायिका बदलली, रडणारी तीच राहिली आणि घरातला पुरुष दोन्हीकडे सोफ्यावर बसून ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणत राहिला. शेवटच्या दहा मिनिटांत तो एकदा कोणाच्या तरी कानाखाली वाजवतो किंवा आईचे पाय धरतो. तेवढ्यावर त्याचं भागतं, आणि टाळ्याही त्यालाच.

थिएटरात शिरण्यापूर्वी एक मात्र पक्कं ठरवा: पडद्यावरचा नालायक मुलगा म्हणजे आपण नव्हे. हे जमलं की पुढचं सगळं सोपं. अख्ख्या थिएटरात एकही नालायक मुलगा नसतो, एकही स्वार्थी मुलगी नसते, सगळे आईच्या बाजूचे. असले चित्रपट लोकांना आवडतात ते काही उगाच नाही. अडीच तास आपण श्रावणबाळ असतो आणि कावड दुसऱ्याच्या खांद्यावर असते. आता एवढे श्रावणबाळ असताना पुण्याच्या आसपासचे वृद्धाश्रम कोण भरतं, कोणास ठाऊक. बहुधा ती माणसं चित्रपट बघत नसावीत.

पडद्यावरच्या आईचं आजारपण नीट बघून ठेवा, तसं आजारपण तुम्हाला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. तिला अर्धांगवायू झाला तरी पातळ परीटघडीचं असतं. तोंड किंचित वाकडं, डोळ्यांच्या कडेला एक थेंब, बस. ती शी करत नाही. रात्री अडीच वाजता तिला आपण साताऱ्याच्या घरी आहोत असं वाटत नाही, आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या भावाला ती हाका मारत नाही. तिला एक चमचा खीर भरवतात आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांवर जातो. खऱ्या आईला वाटीभर पेज भरवायला पाऊण तास लागतो आणि शेवटचे दोन घास आपल्या अंगावर येतात.

आता मध्यंतराकडे वळू. मध्यंतरात मोठ्यानं बोलायचं असतं आणि विषय एकच असतो: हल्लीच्या सुना. नमुना म्हणून आमच्या थोरल्या वन्सं घ्या. त्या बाणेरला राहतात, आम्ही कोथरूडला. मधलं अंतर तुम्हाला माहीतच आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून ते वाढलं आहे. गेल्या शनिवारी त्यांनीच सगळ्या बायकांची तिकिटं काढली. “तूही चल गं, सारखी घरातच असतेस,” असं मला म्हणाल्या. सारखी घरात मी का असते, हा प्रश्न त्यांना पडला नाही, मीही पाडला नाही. खेळ साडेचारचा होता, सासूबाईंचं करायला पगारी येणाऱ्या आमच्या मावशी रात्री आठला जातात, हिशेब बसत होता.

मध्यंतरात वन्संचे डोळे लाल. हातात पॉपकॉर्नचा मोठा टब. “बघितलंस ना? म्हातारीला तोंडातून शब्द काढू देत नाही ती. अशाच असतात हल्लीच्या. आमची आई त्या मानानं सुखी आहे हो.” त्या मानानं! मागच्या रांगेतल्या एक अनोळखी काकूही वाकून म्हणाल्या, “घरोघरी हेच चाललंय.” मग वन्सं माझ्याकडे वळल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, “तुझं बरंय, मावशी आहेत. तुला तसं काय काम असतं?”

मावशी असणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी मावशी आहेत त्यांना मी सांगायला नको. ब्युरोचा सकाळी साडेसातला येणारा फोन, “ताई, आज बदली पाठवतोय.” त्या बदलीला चहा कुठे असतो इथपासून आईंना कुठल्या कुशीवर वळवायचं इथपर्यंत सगळं पुन्हा सांगायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी जखम होते आणि ती भरून यायला महिने लागतात. हवेच्या गादीचा पंप रात्री बंद पडला की त्या घरघरीशिवाय जाग येते, आणि जाग येते ती मला. बारा तास मावशींचे असतात. उरलेले बारा कोणाचे? दिवस चोवीस तासांचा असतो, हे या आमच्या कुटुंबात फक्त मला शिकवलेलं दिसतंय. फिजिओच्या वेळा, विम्याचे कागद, बँकेत हयातीचा दाखला, आणि भाऊजींचा न्यू जर्सीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल. “आई, हाय! बरी दिसतेस गं!” ती बरी दिसते कारण त्याआधी मी पाऊण तास तिचे केस विंचरून, तोंड पुसून, धुतलेला गाऊन घालून, उशा लावून तिला बसवलेलं असतं. हे कोणत्या चित्रपटात आहे? मला दाखवा, मी पहिल्या रांगेत बसून बघीन.

असो. उपरोध सुटायला लागला. सूचनांकडे येते.

उत्तरार्धात फोन बंद ठेवा. ही सूचना मला वन्संनीच दिली. पडद्यावर आई वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसलेली, व्हायोलिनं ऐन भरात, आणि माझा फोन थरथरला. मावशी होत्या. “ताई, आज्जींनी गोळी थुंकली, दुसरी देऊ का? आणि डायपरचं नवं पाकीट सापडत नाहीये.” मी पदराआड कुजबुजत होते तोवर मांडीवर चापट बसली. “श्श! बंद कर ना तो फोन. मुलीची आठवण काढतेय ती!” ती म्हणजे पडद्यावरची. जिनं गोळी थुंकली होती ती यांची स्वतःची आई.

आणि ह्यांचं म्हणाल तर हे घरातच होते. बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. डायपरचं पाकीट त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होतं. मावशींनी त्यांना विचारलं नाही, कारण त्यांनाही माहीत नसणार हे मावशींना माहीत आहे.

चित्रपट सुटल्यावर आईला भेटून यावंसं वाटतं. हा चित्रपटाचा परिणाम असतो, त्याला बळी पडू नका. वन्संनी मला गाडीनं घरापर्यंत सोडलं. मला वाटलं, आता वर येतील. पण सोसायटीत पार्किंग नव्हतं, चांदणी चौकात ट्रॅफिक लागला असता, शिवाय रडून डोकं चढलं होतं. काच खाली करून म्हणाल्या, “आईला सांग, ताई येऊन गेली म्हणून.” रात्री दहा वाजता त्यांच्या स्टेटसला त्यांच्या लग्नातला आईबरोबरचा फोटो लागला. खाली बदामांची रांग. मी बघितला तेव्हा आईंची पाठ पुसत होते, म्हणून लाइक करायचं राहून गेलं.

चित्रपटात शेवटी कोर्ट असतं आणि म्हातारे बाबा तिथे असं भाषण करतात की न्यायमूर्तीही चष्मा पुसतात. प्रत्यक्षात असं प्रकरण प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात चालतं, आणि तिथे व्हायोलिनं नसतात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा एकदा वाचाच. निर्वाह भत्ता दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यात पुण्यात चोवीस तासांची मावशी येत नाही. सांभाळू असं वचन देऊन घर नावावर करून घेतलं आणि मग सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. आणि जबाबदारी कोणाची? कायदा मुलं म्हणतो तेव्हा मुलगा, मुलगी, नातू आणि नात म्हणतो. त्या यादीत मुलगी आहे. सून नाही. कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते एकाही पटकथा लेखकाला कळू नये? सात दशकं सुनेच्या नावानं बोटं मोडून तुम्ही तिकिटं विकलीत, आणि कायद्याच्या त्या व्याख्येत ती बाई नावालासुद्धा नाही! ती जे करते ते तिच्यावर बंधनकारक नाही. ती तरीही करते. आणि मध्यंतरात तिलाच ऐकवता?

बस झाला उपरोध. आता सरळ सांगते.

तुमच्या रडण्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. चित्रपट वाईट आहे असं मी म्हणत नाही. नटीनं काम चांगलं केलंय, मीही रडले, आणि मी कशासाठी रडले हे तुम्हाला कळायचं नाही. पण बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत जर तुमच्या डोक्यात ‘कोणाची तरी सून वाईट’ एवढंच उरत असेल, तर तुम्ही घरी टीव्हीच बघा. आई तुमची आहे. तिनं तुम्हाला जन्म दिला, मला नाही. मी तिचं करते कारण ती समोर आहे आणि माणूस आहे. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका. काय लागतं ते दिसत नाही का? पैसे लागतात; दर महिन्याच्या एक तारखेला, न मागता पाठवायचे. महिन्यातल्या चार रात्री लागतात, झोप मोडणाऱ्या, इथे येऊन काढायच्या. भावाला सोफ्यावरून उठवायला सख्खी बहीण लागते, कारण बायकोनं उठवलं की ते भांडण होतं. ते पाय धरून माफी मागण्याचे सीन तर मुळीच नकोत, आईंच्या पायांना आधीच सूज असते.

रविवारी मावशींची सुट्टी असते. सकाळी साडेसातला या, उशिरा नको, कारण आठला अंघोळ घालावी लागते आणि एकीला ते झेपत नाही. सोसायटीत पार्किंग नाहीच, रिक्षा करा. येताना डायपरचं लार्जचं पाकीट आणा, मिडियम पुरत नाही. घरातला गाऊन बरोबर ठेवा, चांगली साडी नेसून येऊ नका. मी नऊला बाहेर पडणार आहे आणि संध्याकाळी सातला येणार आहे. कुठे जाणार ते विचारू नका. पाकीट सोफ्यामागच्या कपाटात ठेवा, आणि ते कुठे ठेवलंय हे तुमच्या भावालाही दाखवा.