सामाईक फणस

आमच्या मागच्या पडवीवर फणसाची एक फांदी आलेली आहे. फांदी कसली, वांदरांचा हायवेच तो. सकाळी टोळी राईतून निघते, फणसावर चढते, फांदीवरून धडाधड पडवीवर उड्या टाकते आणि पलीकडच्या माडांकडे जाते. जाताना चार-दोन मंगळुरी कौलं फुटतातच. पिलंवाल्या माद्या बिचाऱ्या जरा जपून उतरतात. हुप्प्या मात्र ऐसपैस बसतो, एक कौल उचलतो आणि खाली काय चाललंय ते बघतो. खाली मी घावणे काढत असते.

फुटलेलं कौल बदलणं तसं सोपं नाही. जुन्या साच्याची कौलं आता मिळत नाहीत आणि नव्याची खाच जुन्यात बसत नाही. मग फटीत प्लॅस्टिक कोंबायचं आणि पावसात खाली टोप मांडायचे. म्हणून शिमगा झाल्यावर मी म्हटलं, यंदा मिरगाच्या आत ती फांदी छाटून टाकू. अर्ध्या तासाचं काम. मी पडले घाटावरची, कोल्हापूरकडची, त्यामुळे मला ते अर्ध्या तासाचंच वाटलं.

फणस गडग्यात, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणात आहे. गडग्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे आबाकाका, म्हणजे माझे चुलत सासरे. झाडाचा बुंधा फुगत फुगत गडगा फोडून दोन्हीकडे आलाय. मी नुसता कोयता धार आहे का ते बघायला बाहेर काढला, तर मशेरी लावत उभे असलेले आबाकाका पलीकडून म्हणाले, "काय गो, कोयतो कित्याक?"

"फांदी जरा कमी करायची होती, आबाकाका. कौलं फुटतात."

"ह्यो फणस माज्या आज्यान लावलेलो."

"ते ह्यांचे पणजोबाच ना?"

आबाकाकांनी चूळ भरली. "आजो येगळो आणि पणजो येगळो," ते म्हणाले आणि आत गेले.

दुपारपर्यंत वाडीत बातमी झाली की घाटावरची सून फणस मुळासकट काढतेय. मासेवाली बांगड्यांचा वाटा लावता लावता म्हणाली, "वयनी, फणस तोडतास म्हणे?" आणि वाट्यात घातलेला एक बांगडा तिने परत टोपलीत टाकला.

संध्याकाळी भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा झाला. एरवी तिथे रोज सकाळी गणपतीचा फोटो येतो आणि त्याखाली हात जोडलेले येतात, बाकी शुकशुकाट. आता डोंबिवलीच्या आत्यांना आठवलं की त्या फांदीला त्यांचा झोपाळा होता. विरारच्या दिरांनी छपरावर जाळी मारायचा सल्ला दिला. आणखी कुणी म्हणालं, पत्रे घाला. त्यावर कुणीतरी लिहिलं, तेव्हाच स्लॅब टाकला असता तर ही वेळ आली नसती. 'तेव्हा' म्हणजे केव्हा आणि कुणाच्या पैशाने, ते लिहायचं राहिलं. यातले बहुतेक जण चतुर्थीचे पाच दिवस येतात आणि पडवी कोरडी असेल तिथेच अंथरूण टाकतात. फणसात सगळ्यांचा हिस्सा, गळतीत मात्र एकाचाही नाही.

सासूबाईंचं धोरण मी तेव्हा नीट पाहिलं. मला त्या म्हणाल्या, "तोडून टाक गो, किती वर्षां सोसूचा?" आणि त्याच दुपारी गडग्याशी काकींना, म्हणजे आबाकाकांच्या बायकोला, सांगत होत्या, "आजकालच्या सुनांक धीर म्हणान नाय." मी चुलीमागे उभी होते. मला पाहून त्या जराही ओशाळल्या नाहीत. "आपणांक हयच ऱ्हवाचा आसा," एवढंच म्हणाल्या आणि आमसुलं वाळत घालायला गेल्या.

मग कागद निघाले. नवऱ्याने सातबारा काढला. एका गटावर एवढी नावं की खातेदारांचा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. त्यातले निम्मे वारलेले, उरलेल्यातले निम्मे मुंबईला आणि एक आजेसासूबाई माहेरच्या नावाने. हिस्से जुन्या पद्धतीने आणे-पैत. आमचा सहावा हिस्सा, म्हणजे दोन आणे आठ पै. नवऱ्याने गंभीरपणे वर बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे फांदीतला आपला भाग शेंड्याकडचा."

आबाकाकाही स्वस्थ बसले नव्हते. 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात फणस परिशिष्टात आहे, तोडायला परवानगी लागते, हे त्यांनी कुठूनसं काढून आणलं. ते खरंही आहे. फक्त मी झाड तोडत नव्हते, एक फांदी छाटत होते. पण वाडीत हा फरक सांगत कोण बसणार?

प्रकरण तंटामुक्तीकडे जाणार हे ओघानेच आलं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झाली. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या वेळी रंगवलेली पाटी आहे, तिच्यातला 'मुक्त' पावसाने धुतला गेलाय आणि 'तंटा' तेवढा ठसठशीत राहिलाय. समितीचे अध्यक्ष स्वतः पुतण्याशी पाणंदीवरून दहा वर्षं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना विषयाची चांगली जाण आहे. ते आले, आमच्याकडे चहा प्यायले, पलीकडे जाऊन कोकम सरबत प्यायले, गडग्यावर चढले, एका डोळ्याने लांबवर बघितलं आणि म्हणाले, "फांदीचा ऱ्हवांदे. गडगोच सरकललो दिसता."

तोपर्यंत गडग्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्या दिवसापासून दोन्ही घरांना आपली जमीन दोन हात कमी वाटू लागली आणि मोजणीचे अर्ज शोधायला सुरुवात झाली.

या सगळ्या काळात दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे माणसांचं. पितळी वाडग्याचं चालू होतं. काकी फणसाच्या कुयरीची भाजी गडग्यावर ठेवायच्या आणि हवेत बघून म्हणायच्या, "मांजर तोंड घालीत हां." मग मी जाऊन ते उचलायचं. वाडगा रिकामा परत करायचा नाही, ही इथली रीत. म्हणून मी त्यातून कधी तांबडा रस्सा, कधी थोडी काजूची उसळ घालून गडग्यावर ठेवायची. भाजी अगदी फर्मास असायची, वर ओल्या खोबऱ्याची पखरण. कुयऱ्या आमच्या बाजूच्या होत्या, हे मला देठ बघून कळायचं. पण तोंडात घास असताना हिशेब कसा मांडणार?

शेवटी काकींनी राखणदार, म्हणजे जागा राखणारा देव, काढला. त्या फणसात राखणदार आहे, त्याला विचारल्याशिवाय कोयता लावलात तर मग सांगू नका. झालं, देवळात देवाचा कौल घ्यायचं ठरलं. गुरवाने पाषाणाला तांदूळ लावले, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवा कौल पडला, म्हणजे देवाचा होकार. मी हात जोडले, नवऱ्याने नारळ फोडला. घरी येताना आबाकाका मागून म्हणाले, "छाटूया काय म्हणान इचारलास. कोणी छाटूची ता खंय इचारलास?"

आणि मे महिन्याच्या अखेरीस, एका दुपारी, वायरमन आला. पावसाआधी तारांना लागणाऱ्या फांद्या साफ करायच्या असतात, तसा तो वाडीतून फिरत होता. त्याने आमचं दार वाजवलं नाही, आबाकाकांना हाक मारली नाही, सातबारा मागितला नाही. शिडी लावली आणि माझा चहा उकळायच्या आत ती फांदी चार फणसांसकट पाणंदीत आडवी पडली.

मी धावत बाहेर आले. आबाकाका लुंगी सावरत आले. आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभं राहून तिसऱ्याशी भांडलो. "कोणाक इचारून तोडलंस रे?" आबाकाका ओरडले. "आमची सामाईक फांदी आहे ती," मी म्हटलं. आजवर कुणी 'आमची' म्हणून तिला इतक्या प्रेमाने हाक मारली नसेल. वायरमन शिडी खांद्यावर टाकून पुढच्या घराकडे गेला. त्याला अजून अख्खी वाडी उरकायची होती.

आता राहिलं लाकूड आणि फणस. फणसाचं लाकूड पिवळंधमक, पाट-चौरंगाला एक नंबर. अध्यक्ष लगेच हजर झाले. ओंडका आडवा मोजावा की उभा, यावर गडग्याशी बैठक बसली. काकींचं म्हणणं, फांदी आमच्या बाजूने फुटलेली. सासूबाई म्हणाल्या, पडलेली कोणाच्या बाजूक, ता बघा. चार फणसांतून दोन आणे आठ पै कसे काढायचे यावर नवरा कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि दोन तृतीयांश फणसाशी अडकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विरारच्या दिरांचा अंगठा वर आलेला होता. त्याखाली डोंबिवलीच्या आत्यांनी लिहिलं होतं, "रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आमच्या वाटणीचा पाठवा. कापा असेल तरच. आणि त्यांना म्हणावं, डिकीत खालती ठेवा, मागच्या वर्षी आंबे चेपले होते."