फिनिश लाईनच्या अलीकडे एक वीत

माझी गाडी फिनिश लाईनच्या अलीकडे बरोब्बर एक वीतभर अंतरावर मरायची. दर चार-पाच लॅपला, आणि तेही मी पुढे असताना. मागे असतानाही मरत असणार, पण ते कोण लक्षात ठेवतं. आधी हेडलाईट मिचमिचायचे, मग मोटर एक उसासा टाकायची आणि ती लालभडक रेसिंग कार रुसलेल्या पाहुण्यासारखी जागच्या जागी बसायची, बोटानं जरा पुढे ढकललं की लगेच सुसाट, जसं काही झालंच नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लॉट कार म्हणजे प्लास्टिकच्या ट्रॅकमध्ये खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गाडीच्या पोटाखालचं एक पातं त्या खाचेत अडकतं आणि तांब्याच्या दोन छोट्या वेण्या पट्ट्यांवर घासत घासत वीज उचलतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा ब्रँड आला तेव्हापासूनच्या, एका खाचेत एकच गाडी. ट्रिगर दाबला की पट्टीतलं व्होल्टेज वाढतं, गाडी पळते, संपलं. डिजिटलमध्ये पट्ट्यांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं, माझ्या सेटमध्ये १५, आणि त्याच पट्ट्यांमधून प्रत्येक गाडीतल्या चिपला हुकूम जातात, तीन नंबर तू पळ, चार नंबर तू लेन बदल वगैरे. त्यामुळे एकाच लेनमध्ये चार गाड्या एकमेकींच्या बुडाला चिकटून पळू शकतात. मजा खरंच आहे, नाही म्हणत नाही. फक्त व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की चिप बेशुद्ध पडते आणि ती शुद्धीवर येईपर्यंत माझी मुलगी तिची गाडी घेऊन पुढच्या वळणावर पोचलेली असते.

पहिला संशय अर्थातच मुलीवर. कारण तिची गाडी तिथे कधीच थांबायची नाही. मी दोन रविवार तिची गाडी उलटी करून भिंगातून बघितली, मग माझी आणि तिची गाडी बदलून घेतली, तर आता तिची गाडी माझ्या हातात मरायला लागली आणि माझी तिच्या हातात झक्कास पळायला लागली. यावर घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की ती फिनिश लाईनच्या आधी दर वेळी बटण दाबून बाहेरच्या लेनमध्ये जायची. का, तर म्हणे "आतल्या लेनमध्ये बंद पडते ना, मग कशाला जायचं?" रस्त्यातला खड्डा चुकवतात तसा तिनं माझ्या संशोधनाचा विषयच चुकवला होता, आणि मला सांगायचीही गरज वाटली नव्हती, कारण मी विचारलं नव्हतं.

मग साफसफाई. गाडीखालच्या त्या वेण्यांना या छंदातले लोक ब्रेड म्हणतात. मी बायकोला म्हटलं, जुना टूथब्रश दे गं, ब्रेड साफ करायचाय. ती काही क्षण नुसती बघत राहिली आणि म्हणाली, तू आता खरंच झोप. असो. ब्रेड साफ केले, विस्कटलेल्या तारा कातरीनं छाटल्या (डावीकडची तार उजवीकडच्या वेणीला टेकली तर गाडी स्वतःच शॉर्ट करते, हे महत्त्वाचं आहे), पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, फडकं अक्षरशः काळंकुट्ट झालं, मला वाटलं सापडला चोर. चार गाड्या सोडल्या. पुन्हा एक वीत अलीकडे, धप्प.

इथे मी जे केलं ते कोणी करू नका. म्हटलं फडक्यानं नीट निघत नसेल, जरा घासू या, आणि स्वयंपाकघरातली तारेची घासणी आणून सगळा ट्रॅक चकाचक घासला. अशा बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असतं, वळणावर गाडी पट्ट्यांना धरून राहावी म्हणून. आणि घासणीच्या लोखंडी तारांचे केसासारखे तुकडे ट्रॅकभर पडलेले. पहिल्याच लॅपमध्ये माझ्या गाडीनं ते व्हॅक्यूम क्लीनरसारखे गोळा केले, एक तुकडा दोन पट्ट्यांवर आडवा झाला, बारीकशी ठिणगी, किंचित जळका वास, आणि पॉवरबेसनं, म्हणजे ट्रॅकच्या ज्या तुकड्यातून सगळ्यांना वीज मिळते त्यानं, लाल दिवा लुकलुकवत सगळ्यांचाच वीजपुरवठा तोडला. घोस्ट कारसुद्धा थांबली. घोस्ट कार म्हणजे कोणी न चालवता आपली आपण फिरणारी गाडी. भुतालाही करंट लागतो ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. पुढचा दीड तास मी चिकटपट्टीनं ट्रॅकवरचे केस वेचत होतो, आणि मोटरमध्ये गेलेले तर चिमट्यानं.

मग मी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र, काढला. मल्टीमीटर हातात आला की माणसाला उगाचच आपण एक्स्पर्ट झाल्यासारखं वाटतं. पॉवरबेसपाशी गुडघा टेकवून मोजलं, १४.९ व्होल्ट. पहिलं वळण, १४.९. लांबची सरळ, १४.९. सोफ्यामागे पोटावर सरपटत जाऊन मोजलं, १४.९. गाडी जिथे मरते त्या मसणवटीवर मोजलं, १४.९! मी मीटरची बॅटरी बदलली. पुन्हा १४.९. म्हणजे वीज सगळीकडे आहे, गाडी चांगली आहे, ब्रेड स्वच्छ आहे आणि तरीही गाडी मरते. या टप्प्यावर माणूस एक तर नवा अडॅप्टर आणतो नाहीतर अध्यात्माकडे वळतो. मी अडॅप्टर आणला. फरक शून्य. आणि हो, सेट कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम सांगत नाहीये, कारण बिचाऱ्या कंपनीचा यात काडीचा दोष नव्हता हे पुढे सिद्ध होणार आहे.

शेजारचे काका रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर. ते तसे आमच्याकडे पेपर वाचायला येतात, पण त्या दिवशी मी जमिनीवर मीटर घेऊन बसलेला बघून पेपर बाजूला ठेवला. म्हटलं, काका, सगळीकडे १४.९ दाखवतोय. त्यांनी विचारलं,

"गाड्या चालू असताना मोजलंस का बंद असताना?"

"बंद असताना. चालू असताना मधे हात कसा घालणार?"

"मग तू व्होल्टेज मोजलंसच कुठे? अरे, रांगेत कोणी नसताना काउंटरवर गर्दी नाही म्हणण्यासारखं आहे हे."

आणि मग मला ओहमचा नियम ऐकावा लागला, जो त्या गृहस्थानं १८२७ साली छापला आणि मी शाळेत पाठ करून परीक्षेनंतर सोडून दिला. वाटेतला रोध गुणिले करंट म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेज. करंटच वाहत नसेल तर गळणार काय? मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे सांधा कितीही सडका असला तरी त्याला पलीकडे पूर्ण १५ दिसतात. गाडी आली, एखादा अँपिअर ओढायला लागली, की खरं रूप बाहेर येतं. माझ्या ट्रॅकचे ३६ तुकडे, प्रत्येक सांध्याचा रोध चिमूटभर, पण गाडीपर्यंत जाताना एका पट्टीतून आणि परत येताना दुसऱ्या पट्टीतून म्हणजे दुप्पट सांधे. त्यात मी वळणावर गाडी उडू नये म्हणून जादा चुंबक चिकटवलेलं, ते गाडीला खाली ओढतं म्हणजे मोटरला जास्त कष्ट, म्हणजे करंट आणखी जास्त. हे मी काकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी गाडी उलटी करून बघितली आणि माझ्याकडे बघितलं, बस्स.

काका घरी गेले आणि मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घेऊन आले, त्याला दोन वायरी डकवलेल्या. म्हणाले, हा आपला लोड, एका जागी गप्प बसणारी गाडी समज. वायरींची टोकं आतल्या लेनच्या पट्ट्यांवर दाबायची, बल्ब पेटला की तिथेच मीटर लावायचा. (बल्ब हातात धरू नका. मी धरला.) पॉवरबेसवर १४.६. पहिल्या वळणावर १४.१. मग १३.५, १२.९, सोफ्यामागे १२.२, आणि बल्बचा उजेड डोळ्यांदेखत पिवळा पडत चाललेला. मला वाटलं सोफ्यामागचा भाग सर्वात लांबचा, तिथून पुढे आपण पॉवरबेसकडे परत येतोय, तर आता आकडा वाढायला लागेल. ट्रॅक गोल आहे ना, वीज दोन्ही बाजूंनी येणार. कसलं काय. ११.४, १०.७, आणि फिनिश लाईनच्या अलीकडे एक वीतभर, ९.८. तिथून बल्ब एक तुकडा पुढे सरकवला, म्हणजे थेट पॉवरबेसवर, तर भक्कन पांढरा, १४.६.

शेजारी शेजारी दोन तुकडे आणि मधे जवळपास पाच व्होल्टची दरी.

काकांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. आतल्या लेनची एक पट्टी पॉवरबेसला लागूनच तुटलेली होती, म्हणजे सांधा वरून जुळलेला दिसायचा पण आतली पितळी जीभ दबून चपटी झाली होती, पलीकडच्या पट्टीला टेकतच नव्हती. त्यामुळे या बाजूनं वीज येतच नव्हती, ती बिचारी दुसऱ्या बाजूनं निघून सगळ्या घराला प्रदक्षिणा घालून, सोफ्यामागून, दमत भागत त्या शेवटच्या विताला पोचायची. पॉवरबेसच्या सर्वात जवळची जागा विजेच्या हिशोबानं सर्वात लांबची! दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे व्होल्टमध्ये मोजून मिळाला. एकटी गाडी असली की कसंबसं भागायचं, आतल्या लेनमध्ये तीन-चार एकदम आल्या की शेवटच्या विताच्या वाट्याला काही उरायचंच नाही.

आणि ती जीभ दबली कशी? काकांनी विचारलं, अडॅप्टरची पिन लावताना तू बसतोस कसा, दाखव. मी दाखवलं. माझा उजवा गुडघा बरोबर त्या सांध्यावर. म्हणजे बिघाड शोधायला मी जितक्या वेळा तिथे गुडघा टेकला तितक्या वेळा बिघाड वाढवत होतो. बायकोला हे काकांनी नंतर सविस्तर सांगितलं, नकलेसकट.

दुरुस्ती पाच मिनिटांची. बारीक पकडीनं जीभ वर उचलली, सांधा दाबून बसवला, जादा चुंबक काढलं. काकांच्या सांगण्यावरून पॉवरबेसपासून ट्रॅकच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाड वायरची एक जोडीही टाकली, कुठली पट्टी कुठल्या पट्टीला हे दोनदा तपासून, कारण डिजिटलमध्ये ती अदलाबदल झाली की थेट शॉर्ट. पुन्हा बल्ब फिरवला. कमीत कमी आकडा १४.२, तोही सोफ्यामागे.

मग चौघांची रेस लावली, मुलगी, काका, घोस्ट कार आणि मी. वीस लॅप, एकही गाडी मेली नाही, दिवा लुकलुकला नाही, सगळ्यांचे हेडलाईट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठणठणीत. मुलगी पहिली. काका दुसरे, ते तर आयुष्यात पहिल्यांदा ट्रिगर धरत होते. भूत तिसरं.

मी म्हटलं, थांबा जरा, माझ्या गाडीला तिथे करंट कमी येतोय. काकांनी काही न बोलता बल्ब आणि मीटर माझ्या पुढ्यात ठेवला, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, गुडघा."