तीन वाजून गेल्यावरचा निषेध

ठाण्यात एखाद्या वादग्रस्त उमेदवारावरून रान पेटलं की अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून एक वाक्य हमखास येतं : ‘इकडे असा माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसतो.’ मी लिहितोय सेंट लुईसमधून, आणि हे वाक्य खोटं पाडणारं उदाहरण याच मिझुरी राज्यातलं आहे.

2012 साली सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार टॉड एकिन बलात्कार आणि गर्भधारणेबद्दल भलतंच बोलून बसले. तारीख 19 ऑगस्ट. पक्षाच्या सिनेट निवडणूक समितीने हात झटकले, आम्ही पैसा घालणार नाही म्हणून सांगितलं. सहज माघार घ्यायची मुदत 21 ऑगस्टला संध्याकाळी पाचला संपत होती, कोर्टामार्फत 25 सप्टेंबरला. एकिन जागचे हलले नाहीत. 6 नोव्हेंबरला ते हरले. डिसेंबरात हिशेब उघड झाला तेव्हा दिसलं, की मतदानाच्या तोंडावर समितीने 7 लाख 60 हजार डॉलर पक्षाच्या मिझुरी शाखेकडे वळते केले होते आणि शाखेने एकिन यांच्या जाहिराती चालवल्या होत्या. मधल्या खात्यातून पैसा फिरवणं ही जुनी युक्ती. खरी हुशारी वेळेत होती. मतदानाआधीच्या अहवालात 17 ऑक्टोबरपर्यंतचाच जमाखर्च येतो, त्यापुढचा मतदानानंतर तीस दिवसांनी.

2017 मध्ये अलाबामात सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा पक्षाच्या राष्ट्रीय समितीने 14 नोव्हेंबरला अंग काढून घेतलं आणि 4 डिसेंबरला उघडपणे परत हात दिला. मतदान 12 डिसेंबरला होतं. मूर थोडक्यात पडले.

आता आपल्याकडे. विधानसभेला पक्षाचं चिन्ह मिळतं ते एबी फॉर्मवर. ‘ए’ म्हणजे सही करायचा अधिकार कोणाला, ‘बी’ म्हणजे उमेदवार कोण. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो, आणि आधी दिलेला ‘बी’ रद्द करायचा असला तरी मुदत तीच. म्हणून पक्षाने ‘या कृत्याचं आम्ही समर्थन करत नाही’ म्हणून पत्रक काढलं, की मी आधी घड्याळ बघतो. तीनच्या आत काढलेल्या पत्रकासोबत ‘बी’ रद्द झाल्याची नोटीस असायला हवी. तीननंतरच्या पत्रकाने चिन्ह जात नाही, मतदानयंत्रावर ते तसंच राहतं. पक्षाला हे पक्कं माहीत असतं.

कधीकधी निषेधाचीही गरज पडत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातल्या गोळीबारप्रकरणी कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्या नोव्हेंबरात भाजपचं तिकीट त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना मिळालं आणि त्या निवडून आल्या.

महापालिकेत काम आणखी सोपं, कारण पॅनल. ठाण्यात 33 प्रभागांतून 131 नगरसेवक, नवी मुंबईत 28 प्रभागांतून 111, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मतं. बदनाम माणसाला एबी फॉर्म द्यायचा नाही, त्याने अपक्ष उभं राहायचं, पक्षाने त्या जागेवर कोणी द्यायचाच नाही किंवा असा द्यायचा की ज्याचं नाव त्याच्या सोसायटीतही कोणाला ठाऊक नसावं. प्रचारपत्रकावर तीन चेहरे ठळक. चौथं मत कुठे टाकायचं ते चिठ्ठ्या वाटणारा कार्यकर्ता दारात तोंडी सांगतो. कागदावर पक्ष धुतल्या तांदळासारखा. हे बिघडतं ते त्या डमीने मनावर घेतलं तर, किंवा निष्ठावंत चिडून तोच फॉर्म मागायला लागले तर.

आतून दिलेली रसद निकालानंतर दिसते. निवडून आल्यावर पक्षाचा गट नोंदवायला नगरसेवक बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे विभागीय आयुक्तांकडे, जातात आणि स्थायी समितीच्या सोळा जागांत वाटा किती, हे गटाच्या आकड्यावर ठरतं. काल ज्याच्याशी ‘आमचा संबंध नाही’ होता, त्याची सही तिथे कोणाच्या यादीत आहे हे बघावं.

एका बाबतीत मात्र आपला कायदा अमेरिकेतल्यापेक्षा पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशानुसार लोकसभा-विधानसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला, तर तो का दिला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने सी-7 नमुन्यात छापायचं, तेही निवड झाल्यापासून 48 तासांत. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे पाळलं नाही म्हणून 2021 मध्ये न्यायालयाने पक्षांना एक ते पाच लाखांचा दंड केला. अमेरिकेत पक्षाला असं कारण लेखी द्यावं लागत नाही. आपल्याकडे द्यावं लागतं आणि ते वर्तमानपत्रात अशा कोपऱ्यात छापतात, की शेजारची ‘नाव बदलले’ जाहिरात जास्त वाचली जावी.

पैशाच्या बाबतीत उलटं आहे. एकिन प्रकरणाला वाचा फुटली, कारण अहवाल येताच पत्रकार तो उघडून बसले. आपल्याकडे उमेदवाराचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे येतो, त्यात पक्षाकडून मिळालेली रक्कमही दाखवायची असते. पक्षाचा स्वतःचा हिशेब विधानसभेनंतर 75 दिवसांत. उमेदवाराचा हिशेब कोणालाही पाहता येतो, नियमातली फी एक रुपया. ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय कोर्ट नाक्यावर आहे. स्टेशनवरून तिथवर जायला रिक्षाला त्याहून जास्त पडतात.