पाखोमियसचा मठ ना छावणी होता, ना विहाराची नक्कल

सध्या मोबाईलवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्ती मठव्यवस्था ही बौद्ध विहारांची नक्कल आहे, ती करणारा पाखोमियस हा रोमन फौजी, त्याने छावणीची शिस्त संन्याशांना लावली, आणि तिथे जमले ते सगळे कष्ट टाळणारे रिकामटेकडे. इजिप्तमध्ये ख्रिस्ती संन्याशांना एका मठात एकत्र राहायची घडी घालून देण्याचं एवढं मोठं काम उभं करणाऱ्या माणसाबद्दल असं काहीही पुढे ढकलत राहणं मला खटकतं.

आधी फौजीपण बघू. इ.स. 312 च्या सुमारास विशीतल्या पाखोमियसला सक्तीने सैन्यात ओढलं गेलं. इतर मुलांबरोबर त्याला नाईल नदीतून बोटीने नेलं आणि थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला, कोंडून ठेवलं. पळून जाऊ नयेत म्हणून कुलूप. रात्री गावातले अनोळखी लोक या पोरांसाठी जेवण घेऊन आले. हे कोण, असं त्याने विचारलं, तेव्हा कळलं की ते ख्रिस्ती आहेत आणि कुणाचंही भलं करणं हा त्यांचा धर्म आहे. सुटलो तर आयुष्यभर माणसांची सेवा करीन, असा शब्द त्याने तिथेच देवाला दिला. 313 मध्ये ही भरती करणाऱ्या रोमन सम्राट मॅक्सिमिनसचा पराभव झाला आणि भरती केलेली पोरं घरी गेली. ना लढाई, ना हुद्दा. सैन्यातून त्याने बरोबर आणलं ते या जेवणाचं ऋण.

शिस्त होती, हे खरं. पण ती वरून लादलेली नव्हती. नाईलकाठच्या ताबेन्नेसीला, म्हणजे त्याच्या पहिल्या मठाच्या जागी, पहिली माणसं जमली तेव्हा पाखोमियस स्वतःच त्यांचा स्वयंपाक करायचा, त्यांची कामं उपसायचा. त्यांनी त्याला घरगड्यासारखं वागवलं, अपमान केला. काही वर्षं त्याने ते सोसलं, शेवटी त्यांना बाहेर काढलं आणि मग सगळ्यांना सारखे लागू होणारे नियम केले. 346 मध्ये साथीच्या तापाने तो अंथरुणाला खिळला असताना कुणीतरी चांगलं पांघरूण आणून घातलं, तर मठातल्या इतर भावांना जे नाही ते मला नको म्हणून त्याने ते काढायला लावलं. छावणीतला सेनापती असं वागतो का?

‘रिकामटेकडे’ या शब्दाला तर काहीच आधार नाही. एका धंद्यातली माणसं एका घरात राहत. प्रत्येक घराला प्रमुख. चटया आणि टोपल्या विणायच्या, शेत, भटारखाना, शिवणकाम बघायचं. माल मठाच्या बोटींतून थेट अलेक्झांड्रियापर्यंत जायचा. निरक्षर माणूस आला तर त्याला वाचायला शिकणं सक्तीचं होतं, त्याची इच्छा असो वा नसो. निदान नवा करार आणि स्तोत्रं प्रत्येकाला तोंडपाठ हवीत, असं नियमावली सांगते. बहीण मेरी आली तेव्हा बायकांसाठीही मठ उभा राहिला.

राहिला नक्कलेचा मुद्दा. हा झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रात जाणारा माल इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उतरून वाळवंटातून नाईलकाठच्या कॉप्टोसला पोचायचा, आणि कॉप्टोस ताबेन्नेसीपासून फार लांब नाही. बेरेनिकेच्या उत्खननात 2022 मध्ये बुद्धमूर्तीही सापडली. इ.स. 200 च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने बुद्धाचा उल्लेख केला आहे. म्हणजे ओळख असणं शक्य होतं.

पण ओळख म्हणजे नक्कल नव्हे. विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत भिक्षूने जमीन खणायची नाही, सोनंनाणं स्वीकारायचं नाही, भिक्षेवर जगायचं. कान्हेरीचे शिलालेख वाचा: कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं. पाखोमियसचा मठ विणून, पिकवून, विकून पोट भरतो, पायाच वेगळा. शिवाय या मठाआधीची पायरी इजिप्तमध्येच दिसते. अँटनीसारखे एकांतवासी होतेच, पाखोमियसनेही पालामोन या एकांतवाशाजवळ काही वर्षं काढली होती. एकटं राहणं झेपत नाही अशांसाठी एकत्र राहण्याची सोय, एवढाच त्याने पुढचा टप्पा गाठला. त्याला कॉप्टिक ही इजिप्तची स्थानिक भाषा येत होती; ग्रीक बोलणाऱ्या भावांसाठी तर दुभाष्या लागायचा. भारतीय विनय त्याच्यापर्यंत कोणत्या भाषेतून आणि कुणाच्या हातून पोचला, हे नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी दाखवावं.